वर्गणीची बंदूक

राजापूरकडच्या आमच्या घरी एक बंदूक होती. ठासणीची, एकनळी, आणि वयाने आजोबांपेक्षाही वडील. माजघरातल्या दोन खुंट्यांवर ती आडवी टांगलेली असे. खंडेनवमीला कोयती, विळे, कुऱ्हाडी यांच्या ओळीत तिलाही मान मिळे. आजी तिच्या दस्त्याला गंध लावी आणि नळीवर झेंडूचे फूल ठेवी. बाकी वर्षभर ती बंदूक म्हणजे एक कटकटच होती. तिचा परवाना शेतसंरक्षणाचा. तो वेळोवेळी नवा करून आणायचा, म्हणजे आजोबांनी धोतर-कोट चढवून तालुक्याला खेप घालायची. निवडणूक आली की ती पोलिसठाण्यात जमा करायची आणि मतमोजणी झाली की परत आणायची. मी एकदा त्यांना विचारले होते, "आजोबा, ही बंदूक आपली ना?" ते म्हणाले, "आपली कसली रे? सरकारची. मी आपला तिला तेल लावतो."

वर्षाकाठी दोनदा, फार तर तीनदा, नाचणीत डुक्कर शिरले की तिचा बार निघे. तोही बहुधा आभाळाकडे.

ज्या मुलाने एवढीच बंदूक पाहिली, त्याच्या मनात जगातल्या दुसऱ्या बंदुकांविषयी काय काय कल्पना असतील, हे वाचकांनीच ताडावे. १९७४ साली मी मुंबईत नोकरीला लागलो. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर तेव्हा जुन्या पुस्तकांचे ढीग असत. त्या ढिगात मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडले. थिओडोर रूझवेल्ट या अमेरिकेच्या माजी अध्यक्षाने आपल्या आफ्रिकेतल्या शिकारीची हकीकत त्यात सांगितली होती. पुस्तक १९१० सालचे. पाठीचे कापड फाटलेले, पण आतली चित्रे शाबूत. पगारातले सात रुपये मोजून मी ते घेतले आणि चार रात्री चाळीच्या गॅलरीतल्या दिव्याखाली बसून संपवले. हातात पेन्सिल होती. जिथे सिंह पडला, जिथे हत्ती अंगावर आला, तिथे तिथे मी समासात रेघा मारल्या. त्या रेघांची हकीकत पुढे येईलच.

रूझवेल्टसाहेबांची स्वारी म्हणजे मोठे अजब प्रकरण होते. लहानपणी दम्याने बेजार झालेला हा मुलगा पुढे गुराख्यांत राहिला, लढाईत घोड्यावर बसला आणि बेचाळिसाव्या वर्षी अध्यक्ष झाला. आपल्या नातवंडांच्या अंथरुणात जे कापडी अस्वल असते, त्या 'टेडी'चे नाव याच टेडी रूझवेल्टवरून पडले. १९०२ साली मिसिसिपीत ते अस्वलाच्या शिकारीला गेले होते. सावज मिळेना, तेव्हा बरोबरच्या लोकांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधले आणि साहेबांना म्हणाले, घाला गोळी. बांधलेल्या जनावरावर गोळी घालणे शिकाऱ्याला शोभत नाही, असे म्हणून त्यांनी नकार दिला. वर्तमानपत्रात व्यंगचित्र आले, ब्रुकलिनच्या एका दुकानदाराने कापडी अस्वल करून विकायला ठेवले आणि घरोघर टेडी पोचला. गोष्टीचे शेपूट मात्र मुलांना कुणी सांगत नाही. ते अस्वल जखमी होते. त्याचे हाल संपवा असे साहेबांनीच सांगितले आणि ते सुरीने मारण्यात आले.

त्यांचा सगळा स्वभाव या गोष्टीत दिसतो. एका बाजूला हा माणूस जंगलांचा कैवारी. अध्यक्षपदाच्या साडेसात वर्षांत त्यांनी पाच राष्ट्रीय उद्याने, दीडशे राखीव जंगले आणि पक्ष्यांसाठी पन्नासावर अभयस्थाने निर्माण केली. लाकूडवाले आणि खाणवाले त्यांच्या नावाने बोटे मोडीत. दुसऱ्या बाजूला बंदुकीवर त्यांचा जीव. ४ मार्च १९०९ रोजी त्यांनी टॅफ्टसाहेबांच्या हाती कारभार सोपवला आणि एकोणीस दिवसांनी, २३ मार्चला, न्यूयॉर्कसमोरच्या होबोकेन बंदरातून आफ्रिकेला जाण्यासाठी ते बोटीत बसले. वय पन्नास. बरोबर कर्मिट नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा, हार्वर्डचे शिक्षण मध्येच थांबवून आलेला. वॉल स्ट्रीटच्या धनिकांना साहेबांनी इतके छळले होते, की आता आफ्रिकेतल्या सिंहांनी आपले कर्तव्य बजवावे अशी त्यांच्यात थट्टा चाले, अशी आख्यायिका आहे.

सामानात त्यांच्या स्वतःच्या बंदुका होत्या. त्यांची ओळख करून देतो, कारण या लेखातली मुख्य पात्रे त्याच आहेत.

पहिली स्प्रिंगफील्ड. अमेरिकन पायदळाची रायफल, पण साहेबांच्या हाताला बसेल अशी मुद्दाम घडवून घेतलेली. हरणांसारख्या लांबच्या सावजाला ती कामी येई. दुसरी विंचेस्टर. हिच्यावर त्यांचा भारी विश्वास. सिंहासाठी ही मंतरलेली बंदूक आहे, अशा अर्थाचे शब्द त्यांनी तिच्याविषयी वापरले आहेत. मंतरण्यावरून आठवले: जॉन सुलिव्हन या नामांकित मुष्टियोद्ध्याने दिलेला सोन्यात मढवलेला सशाचा पायही शुभशकुन म्हणून त्यांच्या खिशात होता. एवढा कर्ता माणूस, पण तोडगा सुटला नाही! पक्ष्यांसाठी छऱ्यांची एक दुनळीही होती. आणि चष्म्यांचे बरेच जोड होते, कारण साहेबांची नजर जन्माचीच अधू. त्यात अध्यक्ष असताना एका तरुण अधिकाऱ्याशी मुष्टियुद्ध खेळताना डाव्या डोळ्याला ठोसा लागून तो डोळा निकामी झाला होता. हे त्यांनी पुढे कित्येक वर्षे जगाला कळू दिले नाही. म्हणजे एका डोळ्याने पाहणारा, जाड भिंगांचा हा गृहस्थ सिंहांच्या मुलुखात निघाला होता. भित्रा तो खासच नव्हता.

सर्वांत मानाची बंदूक हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या पेढीची दुनळी रायफल. हत्ती, गेंडे यांच्यासाठी. तिची एकेक गोळी अडीच तोळ्यांहून जड. ही बंदूक साहेबांनी विकत घेतली नव्हती. पन्नासाहून अधिक इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ, शिकारी आणि उमराव यांनी वर्गणी काढून ती त्यांना नजर केली होती. वर्गणीदारांच्या यादीत आपल्या चांगल्या ओळखीचे एक नाव सापडते. लॉर्ड कर्झन! वंगभंग करणारे तेच कर्झनसाहेब. तेही वाघांचे हौशी शिकारी. पण १९०० साली जुनागडला गेले असता गीरचे सिंह थोडेच उरले आहेत हे कळल्यावर त्यांनी सिंहाची शिकार रद्द केली आणि नवाबाला ते जपायला सांगितले, हेही त्यांच्या खाती जमा धरले पाहिजे.

ही भेट कशासाठी दिली? राष्ट्रीय उद्याने आणि राखीव जंगले यांच्याद्वारे प्राण्यांच्या जाती टिकवण्याचे जे काम रूझवेल्ट यांनी केले, त्याच्या गौरवार्थ. यादीसोबत तसे स्पष्ट लिहिलेले आहे. प्राणी वाचवल्याबद्दल हत्ती मारायची बंदूक! १९७४ साली हे वाचताना मला त्यात काहीएक विसंगत वाटले नव्हते. आपल्याकडे पैलवानाला चांदीची गदा देतात, तसेच काही असेल असे मला वाटले. आणि खरे सांगायचे तर देणाऱ्यांनाही त्यात विसंगत काही दिसत नव्हते. वर्गणी काढणाऱ्यांतले पुढारी एडवर्ड बक्स्टन हे साम्राज्यातल्या वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी १९०३ साली निघालेल्या संस्थेचे संस्थापक. त्या पिढीच्या मते जंगल राखायचे ते शिकाऱ्यानेच आणि शिकाऱ्यासाठीच. आपल्या संस्थानिकांची शिकारखाती तरी दुसरे काय करीत होती?

नेपल्सला बोट बदलून २१ एप्रिल १९०९ रोजी ही मंडळी मोंबासाला उतरली. इतिहासाचे संदर्भ जुळवून पाहिले की गंमत वाटते: त्या दिवशी आपले लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते. आपल्याकडे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाच्या घरातली ठासणीची बंदूकही सरकारदप्तरी गेली होती. आणि तिकडे रूझवेल्टसाहेब पन्नास पौंडांचा शिकारपरवाना घेऊन स्वतःच्या चार बंदुकांनिशी ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत शिरत होते. या पन्नास पौंडांचे तिथल्या चलनात साडेसातशे रुपये होत. रुपयेच, कारण त्या मुलुखात तेव्हा रुपया चाले. मोंबासाहून आत जाणारी रेल्वेही आपल्याच माणसांनी बांधलेली. १८९६ पासूनच्या पाच-सहा वर्षांत हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर तिथे नेले गेले. त्यांतले अडीच हजार तिकडेच राहिले, मातीत. त्सावोच्या पुलाच्या कामावर १८९८ मध्ये दोन नरभक्षक सिंहांनी कित्येक हिंदी मजूर उचलून नेले, ते याच रुळांवर. मजूर बहुतेक पंजाबकडचे. कचेऱ्यांतले कारकून आणि स्वयंपाकघरांतले खानसामे यांत मात्र आपले गोवेकर पुष्कळ. स्वाहिली भाषेत दुकानाला 'दुका' म्हणतात, गाडीला 'गारी'. आणि 'सफारी' हा शब्दही आपल्या 'सफरी'चाच सख्खा भाऊ, दोघांचे अरबी घराणे एक.

या रेल्वेच्या इंजिनाच्या पुढच्या टोकाला एक बाक बसवला होता. साहेब त्यावर बसून दोन्ही बाजूंची जनावरे बघत गेले. रुळांलगतच्या मैदानात झेब्रे, हरणे, जिराफ. तो भाग राखीव होता, तिथे शिकारीला बंदी होती आणि जनावरांना ते जणू ठाऊक होते.

कपिटी मैदानाच्या ठाण्यावर उतरल्यावर पुढे जो लवाजमा निघाला, तो एखाद्या संस्थानिकाच्या फौजेला शोभावा. अडीचशेच्या आसपास हमाल, प्रत्येकाच्या डोक्यावर साठ पौंडांचे ओझे. पुढे अमेरिकेचा निशाणधारी. कनिंगहॅम आणि टार्लटन हे दोन जाणते वाटाडे. स्मिथसोनियन संस्थेचे मिअर्न्स, हेलर आणि लोरिंग हे तीन निसर्गशास्त्रज्ञ. प्रत्येक बंदुकीमागे बंदूकबरदार, प्रत्येक घोड्यामागे साईस. आणि चार टन मीठ! मीठ कशाला, असा प्रश्न गृहिणींना पडेल. कातडी टिकवायला. ही नुसती हौसेची शिकार नव्हती. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी आफ्रिकेतले प्राणी गोळा करणे हे मोहिमेचे अधिकृत काम होते. संस्थेच्या वाट्याचा खर्च कार्नेगीसारख्या धनवंतांच्या देणग्यांतून निघाला. साहेबांनी स्वतःचा आणि मुलाचा खर्च केला, तो एका मासिकाकडून लेखमालेचे पन्नास हजार डॉलर घेऊन. माझ्या हाती आलेले पुस्तक ते त्याच लेखमालेचे.

एका हमालाच्या डोक्यावर पुस्तकांची पेटी होती. साहेबांच्या बहिणीने सुमारे साठ पुस्तकांच्या कडा छाटून, त्यांना डुकराच्या कातड्याची बांधणी करून दिली होती. होमर, शेक्सपिअर, दान्ते, बायबल. दुपारी मारलेल्या जनावरापाशी कातडे सोलणाऱ्यांची वाट पाहत हा माणूस झाडाखाली बसे आणि काव्य वाची. रक्त, घाम, बंदुकीचे तेल यांनी ती पुस्तके खोगिरासारखी काळी पडली होती. मला आजही या मोहिमेतले सर्वांत लोभस चित्र हेच वाटते.

शिकारीच्या हकीकती सगळ्या सांगत बसलो तर हा अंक पुरणार नाही. दोनच सांगतो.

ऑगस्ट १९०९. केनिया पर्वताच्या उतारावरचे दाट ओले रान. कनिंगहॅमच्या मागोमाग हत्तींच्या मागावर सरपटत जाऊन साहेबांनी वर्गणीच्या दुनळीने एका सुळेवाल्या नरावर दोन्ही बार टाकले. हत्ती कोसळला आणि त्याच क्षणी डावीकडची झाडी फाटून दुसरा हत्ती इतक्या जवळून बाहेर पडला, की सोंडेचा फटका बसावा. साहेबांच्या दोन्ही नळ्या रिकाम्या. झाडाआड उडी मारून ते काडतुसे भरू लागले. कनिंगहॅमने झटक्यात गोळी झाडली, हत्ती वळला, रानात दिसेनासा झाला. रात्री हमालांनी शेकोट्यांभोवती मांस भाजले, गाणी म्हटली. साहेबांनी हत्तीच्या काळजाचे तुकडे काटकीला खोचून स्वतः भाजून खाल्ले. माझ्या प्रतीत या पानावर पेन्सिलीच्या तीन रेघा आहेत.

दुसरी हकीकत नांदी लोकांची. ही एक लढवय्या पशुपालक जमात. सर्गोईकडच्या पठारावर त्यांच्या भालाईतांनी साहेबांना आपली सिंहाची शिकार दाखवली. गवतात सिंह उठवला, आणि उघड्या अंगाच्या तरुणांनी ढाली-भाले घेऊन त्याच्याभोवती कडे केले. साहेब बंदूक घेऊन बाजूला उभे. गोळी घालायची नाही असा करार. कडे आवळत आले. सिंह एकावर झेपावला. त्याने भाला फेकला, तो सिंहाच्या आरपार गेला, तरी सिंहाने त्याला धरलेच. मग चहूकडून भाले पडले. दहा सेकंदांचा खेळ. तो तरुण जखमी झाला, पण तोंडातून हूं की चूं नाही. एवढा मोठा शिकारी, पण या प्रकरणात त्याची लेखणी जितकी रंगली आहे तितकी स्वतःच्या सिंहांविषयी रंगलेली नाही, असे माझे मत आहे.

ज्या कायद्याने साहेबांना परवाना दिला, त्याच कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या विषारी बाणांनी, खड्ड्यांनी आणि फासांनी शिकार करणारे तिथले रहिवासी चोर ठरत होते. पन्नास पौंड कोणा कांबा शिकाऱ्यापाशी असणार? बंदुकीने मारले ती शिकार आणि फाशाने मारले ती चोरी, हा न्याय काही आफ्रिकेतच होता असे नाही; आपल्या कातकऱ्यांना विचारून पाहावे.

आता ज्या भागासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो.

जानेवारी १९१० मध्ये मंडळी नाईल नदीने लाडो प्रांतात शिरली. हा प्रांत बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्याकडे त्याच्या हयातीपुरता होता. लिओपोल्ड डिसेंबरात वारला होता, आणि सहा महिन्यांनी प्रांत सुदानकडे जायचा होता. मधल्या या निर्नायकी दिवसांत साहेबांनी नाईलच्या काठी तळ ठोकला. उन्हाचा तडाखा, रात्री डासांचे थवे, गवताला लागणारे वणवे. इथे ते एकाच प्राण्यासाठी आले होते: पांढरा गेंडा.

नावाने पांढरा, रंगाने करडाच. रुंद तोंडाचा, गवत खाणारा, हत्तीखालोखाल धिप्पाड आणि काळ्या गेंड्यापेक्षा गरीब स्वभावाचा. दक्षिण आफ्रिकेत तो एकोणिसाव्या शतकाअखेर जवळजवळ संपला होता. झुलूंच्या मुलुखात थोडे जीव उरले होते. उत्तरेकडे, नाईलच्या पश्चिमेला, त्याची वेगळी शाखा आहे हे विद्वानांना १९०० च्या सुमारास समजले, आणि तिला शास्त्रीय नाव मिळाले १९०८ साली. म्हणजे नाव ठेवून दोन वर्षे होताहेत तोच साहेब दुनळी घेऊन दाराशी हजर!

पहिला गेंडा त्यांना सावलीत झोपलेला सापडला. चाहूल लागून तो उठू लागला, तोच गोळी बसली. इथे अंगावर धाव नाही, झाडाआड उडी नाही. साहेबांनी पाच आणि कर्मिटने चार, असे नऊ पांढरे गेंडे त्या तळावर मारले गेले. कातडी मिठात घालून, कवट्या धुऊन सगळे वॉशिंग्टनच्या वाटेला लागले.

१४ मार्च १९१० रोजी खार्टुमला मोहीम संपली. पुस्तकाच्या शेवटी साहेबांनी हिशेब दिला आहे, आणि तो दडवलेला नाही हे त्यांचे वैशिष्ट्य. बापलेकांनी बंदुकीने मारलेली मोठी जनावरे ५१२. त्यांतली बापाची २९६, लेकाची २१६. सिंह १७, हत्ती ११, गेंडे २०. शास्त्रज्ञांनी पकडलेले उंदीर, घुशी, पक्षी, सरडे, मासे धरून संग्रहालयाकडे ११,४०० च्या आसपास नमुने गेले. त्यांची नोंद करायला कित्येक वर्षे लागली. स्वतःसाठी आपण डझनभर वस्तू ठेवल्या, बाकीचे संग्रहालयासाठी किंवा खाण्यासाठी मारले, असे ते लिहितात. आजही अभ्यासक त्या कवट्या मोजायला जातात, हे मी खोटे म्हणणार नाही.

पुस्तक वाचून संपवले त्या सुमारास आपल्याकडेही हा खेळ नुकताच थांबला होता. स्वातंत्र्यानंतरची पंचवीस वर्षे नागपूर, जबलपूर, भोपाळकडे शिकारीच्या कंपन्या जोरात होत्या. परदेशी पाहुणे स्वतःच्या रायफली विमानातून घेऊन येत. कंपनी त्यांना तंबू, जीप, हाक्याला माणसे आणि वाघ पुरवी. माझे एक चुलते चांद्याकडे जंगलखात्यात होते. ते सांगत, पाहुण्यांच्या बंदुकांचे कागद तपासताना क्रमांक उतरवून घेण्यात अर्धा दिवस जाई, आणि वाघाला मिनिटसुद्धा लागत नसे. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीला बंदी झाली, १९७२ मध्ये वन्यजीवांचा कायदा आला. केनियाने १९७७ साली शिकार सरसकट बंद केली.

मी मात्र पुस्तक कपाटात ठेवून विसरून गेलो. पुन्हा काढले ते २०१८ च्या मार्चमध्ये. वर्तमानपत्रात फोटो होता: केनियातल्या ओल पेजेटा अभयारण्यात जमिनीवर आडवा झालेला एक म्हातारा गेंडा, आणि त्याच्या कपाळाशी कपाळ टेकवून बसलेला एक राखणदार. गेंड्याचे नाव सुदान. उत्तरेच्या पांढऱ्या गेंड्यांतला जगातला शेवटचा नर. १९ मार्चला, पंचेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास, त्याच्या यातना असह्य झाल्या तेव्हा वैद्यांनी त्याला सुई देऊन निरोप दिला. मागे त्याची मुलगी नाजिन आणि नात फातू या दोघी उरल्या.

मी वाचता वाचता थबकलो. हा तोच गेंडा! नाईलकाठच्या तळावरचा.

त्या रात्री माझ्या मनात पहिला विचार आला तो साहेबांवर खटला भरण्याचा. पण इतिहास लिहायचा तर आकडे बघावे लागतात. १९६० च्या सुमारास या जातीचे दोन हजारांवर गेंडे हयात होते. म्हणजे साहेबांच्या नऊ गोळ्यांनी ही जात मेली नाही. ती मेली पुढच्या यादव्यांत. सुदान, कांगो, युगांडा इथल्या लढायांनी गावोगाव कालाश्निकोव्ह बंदुका पोचवल्या. येमेनमध्ये खंजिरांच्या मुठींना आणि चिनी औषधांना शिंगे हवी होती. १९८४ पर्यंत कांगोच्या गारांबा अरण्यात पंधरा जीव उरले. राखण केल्यावर ते तीसच्या घरात गेले, आणि मग पुन्हा युद्ध आले. सुदान वाचला तो दोन-तीन वर्षांचा असताना पकडून चेकोस्लोव्हाकियातल्या प्राणिसंग्रहालयात नेला म्हणून. २००९ मध्ये त्याला केनियात आणले. तिथे त्याचे शिंग कापून ठेवले होते आणि भोवती रात्रंदिवस पहारा होता; बंदूकधारी पहारा. दक्षिणेकडच्या शाखेचे नशीब बरे. मूठभर उरलेल्यांचे राखणीने हजारो झाले. फातूची अंडी आणि मेलेल्या नरांचे गोठवलेले बीज यांपासून गर्भ तयार करून दक्षिणी माद्यांच्या पोटी वाढवण्याचा शास्त्रज्ञांचा उद्योग चालू झाला आहे. २०२४ च्या जानेवारीत त्यांनी जाहीर केले, की दक्षिणी गर्भावर केलेला पहिला प्रयोग रुजला होता; पण ती मादी गाभण असतानाच रोगाने गेली.

ती दुनळी अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुइव्हिल गावच्या संग्रहालयात गेली. आमची ठासणीची आजोबांमागे वडिलांनी पोलिसठाण्यात जमा केली. पावती अजून माझ्यापाशी आहे.

तर त्या रात्री मी लाडोचे प्रकरण पुन्हा वाचायला घेतले. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या माझ्या रेघा फिक्या झाल्या होत्या, पण दिसत होत्या. तळाचे वर्णन, रेघ. झोपलेला गेंडा, जाड रेघ. नऊचा आकडा, त्याभोवती चक्क वर्तुळ. आणि त्याच प्रकरणात, शिकारीच्या हकीकतींच्या मध्येच, साहेबांनी लिहिले आहे की या गेंड्यांची संख्या किती आणि वस्ती कुठवर याची नीट चौकशी होईपर्यंत त्यांना मारण्याची पूर्ण मनाई केली तर बरे होईल. नऊ मारून झाल्यावर लिहिले, हे खरे. पण लिहिले, १९१० सालीच.

मी चष्मा पुसून ते पान दिव्याखाली धरले. त्या वाक्यापाशी समास कोरा होता. चोविसाव्या वर्षी मी ते वाचलेच नव्हते की वाचून पुढे गेलो होतो, हे आता मला आठवत नाही.